लेकीच्या घरचा जिना

आमच्या हॉलमधला जिना पाहिला की येणारा प्रत्येक जण आधी कठड्यावर हात फिरवतो आणि मग विचारतो, "सागवान?" पुढचा प्रश्नही ठरलेला असतो: कुठल्या कारागिराकडून करून घेतला? मी सांगते, माझ्या वडिलांनी केला. मग माणसं हळवी होतात. असा बाप मिळायला भाग्य लागतं, म्हणतात. मी चहा टाकायला आत जाते, कारण या विषयावर माझं तोंड सुटलं तर पाहुण्यांची आणि माझी दोघांचीही संध्याकाळ वाया जाईल.

म्हणून लिहूनच टाकते. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, आता कायमचे माझ्याकडे राहणार असं मी धरून चालले होते. ते मी उगाच मनात रचलं नव्हतं. मला तसं वाटू दिलं गेलं. एकाने नाही, घरातल्या सगळ्यांनी मिळून.

आई गेल्यावर अण्णा उदगीरलाच माझ्या धाकट्या भावाजवळ होते. आमचं तिथलं घर माळवदाचं. दगडमातीच्या भिंती, वर लाकडी तुळया, तुळयांवर खांडं, म्हणजे आडवे वासे, आणि त्यावर हातभर मातीचा थर. भूकंपानंतर आमच्या भागात अशा छताखाली झोपायला माणसं भ्यायची. अण्णा मात्र तिथेच खुशाल घोरत पडायचे. शेवटी भावाने ते घर पाडून स्लॅबचं बांधायला काढलं. तो आणि भावजय मुलांना घेऊन मोंढ्याच्या धान्यबाजाराजवळ भाड्याच्या जागेत गेले आणि अण्णा माझ्याकडे लातूरला आले. भाऊ फोनवर म्हणाला होता, "अक्का, बांधकाम हुईस्तोवर." पण नव्या घराचा नकाशा त्यानेच मला मोबाइलवर पाठवला होता. एक खोली त्या दोघांची, एक मुलांची, हॉल, स्वयंपाकघर, देवघर. अण्णांची खोली मला कुठे सापडेना. मी विचारलं, तर म्हणाला, बघू. आमच्या घराण्यात "बघू" म्हणजे ठरलेलं असतं, फक्त तुम्हाला सांगायचं नसतं. हे मला ठाऊक असून मी त्यातून मला हवा तो अर्थ काढला.

माझ्याकडे वरची खोली रिकामी होती. मुलगा पुण्याला शिकायला गेल्यापासून तिच्यात पापड आणि जुन्या गाद्या राहायच्या. मी मनाशी ठरवून टाकलं. नवऱ्यालाही सांगितलं. तो म्हणाला, चांगलंय की. माझा नवरा बँकेत आहे. समोरच्याचं सगळं ऐकून घेऊन काहीही न सांगण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही.

अण्णा आले ते लाकडासकट. जुनं लाकूड घेणारे घर पाडायच्या दिवशी दारात येऊन उभे होते, त्यांना अण्णांनी हाकलून लावलं होतं. धुराने काळ्या पडलेल्या तुळया, कडुलिंबाची खांडं, फळ्या, वर वाड्यासारखी जाडजूड दाराची चौकट, असा टेम्पो भरून ऐवज आमच्या अंगणात उतरला. शेजारच्या बाई गॅलरीतून बघत होत्या. नवरा हळूच म्हणाला, "घरचं झालं थोडं अन् सासऱ्यानं धाडलं लाकूड." मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो आत जाऊन पेपर वाचत बसला.

अण्णा शाळेत चित्रकलेचे शिक्षक होते. सुतारकाम हा त्यांचा नाद. आयुष्यभर त्यांनी स्टुलं आणि देव्हारे केले, त्यातली निम्मी स्टुलं डुगडुगायची. पण हात थांबत नसे. आल्या दिवशी चहा प्यायच्या आधी ते घरभर हिंडले आणि हॉलच्या कोपऱ्यात छताकडे बघत उभे राहिले. आम्ही घर बांधताना तिथे स्लॅबमध्ये जिन्यासाठी चौकोन सोडला होता. तो जिना राहूनच गेला. चौकोनावर प्लायवूड ठोकलं आणि वर जायला बाहेरून लोखंडी जिना लावला. उन्हाळ्यात त्याच्या कठड्याला हात लावला की चटका बसायचा.

"आतून जिना करू," अण्णा म्हणाले. "ह्याच लाकडाचा. लई भारी हुईल."

मला काय वाटलं असेल? ज्या माणसाला वर राहायचंय तोच माणूस वर जायची वाट करतोय, हेच ना? दुसरं कुणाला काय वाटलं असतं?

काम सुरू झालं. जुन्या लाकडात सगळ्यात मोठी कटकट खिळ्यांची. सॉ मिलवाल्याने पहिल्याच फेरीला तोंड वाकडं केलं. माळवदाचं लाकूड असेल तर पातं तुटतं, परत न्या म्हणाला. मग अण्णांनी बिघडलेल्या स्पीकरमधलं चुंबक काढलं, त्याला दोरी बांधली आणि प्रत्येक तुळईवरून ते फिरवत बसले. चुंबक जिथे चिकटेल तिथे खडूची खूण. मी शाळेत शिकवून आले की साडीचा पदर खोचून जंबूर हातात घ्यायची आणि खुणेवरचे खिळे उपसायची. काही खिळे आजोबांच्या हातचे होते म्हणे, लोहाराकडून घडवून आणलेले, चौकोनी. तुळयांच्या भेगांतून माती गळायची. ती पांढरी माती झाडता झाडता नाकात घरचा वास यायचा. घर पाडलं तेव्हा मी रडले नव्हते. तुळई झाडताना रडले.

ते महिने सुखाचे होते, हे मी नाकबूल करणार नाही. सॉ मिलमधून फळ्या कापून आल्या तेव्हा आतून लाकूड असं पिवळंधमक निघालं की आम्ही दोघं बघतच राहिलो. अण्णांनी हॉलच्या भिंतीवर खडूने पूर्ण मापाचा जिना काढला. मी शिकवते गणित, त्यामुळे पायरीची उंची आणि रुंदी यांवरून आमची रोज भांडणं. मी म्हणायची, पायऱ्या उथळ घ्या. ते म्हणायचे, मग जिना पार सोफ्यापर्यंत येईल. मी म्हटलं, सोफा विकू. म्हाताऱ्या गुडघ्यांना चढता आलं पाहिजे. त्यावर त्यांनी खडूच्या रेघा पुसून उथळ पायऱ्या काढल्या. रंधा मारायला त्यांनी मला या वयात शिकवलं. माझ्या रंध्याखालून पहिली सलग, कागदासारखी साल निघाली तेव्हा मी ती शाळेत नेऊन स्टाफरूममध्ये दाखवली. पन्नाशीची बाई, आणि वर्गात पहिली आल्यासारखी मिरवत होते.

आमच्याकडे जुनी रीत अशी की लेकीला मूल होईस्तोवर आईबापाने तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. माझा मुलगा आता दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढा झालाय, तेव्हा ती अट कधीच संपली. तरी अण्णा सकाळी आधी फळीवर चार हात मारायचे आणि मगच चहाला यायचे. नळ आला की मी उठायच्या आत पाणी भरून ठेवायचे. जेवून झालं की शेंगा फोडायला बसायचे. मी चेष्टा करायची की अण्णा, तुम्हाला काय रोजंदारीवर ठेवलंय का? ते हसायचे. माणूस कामसू आहे, एवढंच मी त्यातून घेतलं.

जिना अर्ध्यावर आला तेव्हा मी वरच्या खोलीचं काम काढलं. तिथे नुसता कोबा होता. बाथरूमला कमोड बसवला, भिंतीला धरायला दांडी लावली आणि सगळीकडे न घसरणारी फरशी टाकून घेतली. अण्णांना आश्चर्याचा धक्का द्यावा म्हणून त्यांना भावाकडे दोन दिवस धाडलं. धक्का मात्र वेगळाच बसला. फरशी आणि तिच्याखालचा माल धरून वरची जमीन उचलली गेली आणि वरची शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा उंच होणार होती. जिन्यातली एक पायरी उंच असली की पाय तिथे हटकून ठेचकाळतो. गणिताच्या बाईला हे कळू नये? कळलं नाही. आनंदात माणूस हिशेब विसरतो.

अण्णा परत आले आणि भडकले. "फरशी कामून टाकलीस मधीच?"

मी म्हटलं, "तुम्ही घसरू नये म्हणून."

ते वर गेले. दांडीला हात लावून पाहिला. बराच वेळ खाली आलेच नाहीत. मी खाली हरखून उभी, की म्हाताऱ्याला भरून आलं असेल. खाली येऊन एवढंच म्हणाले की प्रत्येक पायरी थोडी थोडी उचलावी लागेल, सगळं उसवू. आणि सगळ्या फळ्या काढून, खाली पट्ट्या घालून, त्यांनी तो जिना पहिल्यापासून बसवला. त्या दिवशी त्यांना सांगता आलं असतं. तोंड उघडायची एवढी चांगली वेळ परत येणार नव्हती. आज मला सगळ्यात जास्त राग कशाचा येत असेल तर त्या दिवसाचा.

एक चौकट तेवढी त्यांनी वापरली नाही. तिचा उंबरठा रुंद, जुन्या सागवानाचा, पायरीला अगदी जोगा होता. मी सुचवलं तर त्यांनी कानाला हात लावले. आईने त्या उंबरठ्यावर जन्मभर हळदीकुंकू वाहिलं होतं, त्यावर पाय द्यायचा का? मला पटलं. मग मी म्हटलं, तर ती चौकट तुमच्या खोलीच्या दाराला लावू. बघू, म्हणाले. ती पोत्यात गुंडाळून व्हरांड्यात उभी राहिली. पुढे भाऊ लातूरला कामाने आला आणि पॉलिश करून आणतो म्हणून गाडीत टाकून घेऊन गेला. मी स्वतः एका बाजूने उचलू लागले.

दसऱ्याला जिना पूर्ण झाला. अवजारांबरोबर अण्णांनी जिन्यालाही झेंडूचा हार घातला. मी पुरणपोळी केली होती. दुपारी जेवणं झाल्यावर मी आणि नवऱ्याने अण्णांची खाट त्या नव्या जिन्यावरून वर चढवली. वळणावर ती अडकली, नवरा उगाचच म्हणत होता, राहू दे, आज कशाला. मी म्हटलं, दसऱ्यासारखा मुहूर्त सोडून कधी नेऊ? खाट खिडकीखाली लावली, नवी चादर घातली आणि अण्णांना हाक मारली.

ते दारात उभे राहिले. आत आले नाहीत.

"खाट कामून आणली वर?" म्हणाले. "परत खाली न्यावी लागंल."

मला आधी वाटलं त्यांना वर झोपायचं नाही. म्हटलं, खाली झोपा मग, वर नुसतं सामान ठेवू. तेव्हा ते नवऱ्याकडे पाहायला लागले, आणि नवरा फरशीकडे. त्या दोघांच्या त्या बघण्यातून मला सगळं कळलं, सांगायच्या आधीच.

भावाचं घर झालं होतं. दिवाळीनंतर वास्तुशांत होती. अण्णा त्याआधी उदगीरला जाणार होते, आणि हे ते माझ्याकडे आले त्याच आठवड्यात ठरलेलं होतं. नवऱ्याला त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं, काम होईस्तोवर बाईला, म्हणजे मला, बोलू नका म्हणून. भावाला माहीत होतं, भावजयीला माहीत होतं. पुण्यात बसलेल्या माझ्या मुलालाही माहीत होतं, आणि तो दर रविवारी व्हिडिओ कॉलवर मला विचारायचा, आजोबांची खोली कुठवर आली?

मी नवऱ्याला विचारलं, मला का नाही सांगितलंस? तो म्हणाला, तू इतकी खूश होतीस. मी अण्णांना विचारलं, मग हा जिना कशाला केलात? कुणासाठी?

ते खाटेच्या कडेला बसले. "बाई, इतके महिने ऱ्हायलो तुझ्याकडं. लेकीच्या घरी बसून फुकट खाल्लं, असं उद्या कुणी म्हनू नये. काहीतरी करून ठिवावं वाटलं."

मी काय बोलले ते सगळं इथे लिहिण्याजोगं नाही. पण एक वाक्य आठवतं. मी म्हटलं, मला जिना नको होता अण्णा, मला तुम्ही पाहिजे होतात. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "मानसानं आपल्या घरी ऱ्हावं." लेकीचं घर म्हणजे आपलंच घर, हे त्यांच्या कल्पनेतही आलं नव्हतं. मी त्यांना बाप समजून वाढत होते आणि ते माझ्या घरी पाहुण्यासारखे, एकेका घासाची फेड करत जेवत होते. इतके महिने आम्ही एकाच फळीची दोन टोकं धरली होती आणि दोघांचं काम वेगळं होतं.

जाताना त्यांनी जिन्यावरून एकदा खालपासून वरपर्यंत चढून पाहिलं. कुठे वाजतोय का बघत होते. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही.

वास्तुशांतीला गेले नसते. पण न जाऊन सांगते कुणाला? माहेरचं घर, सख्खा भाऊ, चार माणसं विचारणार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. गेले. रिक्षातून उतरले आणि समोरच ती चौकट. पॉलिश करून, आंब्याचं तोरण बांधून, भावाच्या दर्शनी दाराला. भावजयीने उंबरठ्यावर छान रांगोळी काढली होती. भाऊ म्हणाला, "अक्का, कशी दिसायली?" मी म्हटलं, बरी दिसतेय.

आत अण्णांची जागा शोधली. हॉलमध्ये टीव्हीच्या बाजूला दिवाण होता, त्याच्या खाली त्यांची ट्रंक. पाहुणे येणार म्हणून अंथरुणाची वळकटी करून मागच्या दाराजवळ ठेवलेली. माझ्याकडची खोली, तिची खिडकी, तो कमोड, ती दांडी, सगळं माझ्या डोळ्यांपुढे आलं. आणि अण्णा नवं धोतर नेसून यजमानासारखे दारात उभे राहून माणसांचं स्वागत करत होते. इतके खूश मी त्यांना माझ्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. ते मला आजवर पचलेलं नाही.

पंगत बसली. मी वाढायला होते. भावजयीचे वडील नांदेडहून आले होते, ते अण्णांच्या शेजारी बसले होते. मी भाताचं पातेलं घेऊन त्यांच्या ओळीत आले तेव्हा ते सहज विचारत होते, "सोयरे, लेकीकडं लई दिवस मुक्काम केलात म्हणं?"

अण्णांनी मला पाहिलं होतं. तरी म्हणाले, "न्हाई न्हाई, मुक्काम कशाचा. कामाला गेलतो. जिना करायचा होता तिचा."

मी त्यांच्या पानात भात वाढला. वरण आलं नव्हतं, ते हाक मारून मागवलं. ओळ संपवली, पातेलं खाली ठेवलं आणि सरळ मागच्या अंगणात गेले. तिथे आचाऱ्याची मोठी पातेली, पराती, झारे पडले होते. नळ सोडला, राखुंडी घेतली आणि घासायला बसले. भांडी घासायला बाई सांगितलेली होती, ती गोंधळून बाजूला उभी राहिली. भावजय धावत आली, अक्का हे काय, उठा, लोक काय म्हणतील. मी उठले नाही. पराती घासल्या, बुंदीची कढई घासली, सगळी भांडी भिंतीला उपडी लावली.

तोवर बायकांची शेवटची पंगत बसली होती. अण्णा मला शोधत मागे आले. माझ्या भिजलेल्या साडीकडे पाहिलं आणि कळवळून म्हणाले, "अगं, तू कामून घासत बसलीस? लेक हायस ना घरची. चल, जेव आधी."

"न्हाई अण्णा," मी म्हटलं. "बापाच्या घरी फुकट कसं खाऊ? आता जेवते."

मी हात धुतले, आत जाऊन पंगतीत बसले आणि पोटभर जेवले. अण्णा दारात उभे राहून बघत होते. बुंदी घेऊन ते स्वतः वाढायला आले, तेव्हा मी पानावर हात आडवा धरला. पुरे झालं, मी म्हटलं, माझं पोट भरलं.